खाली लिहिलेलं वाचता आलं पाहिजे

सुनंदाकाकूंच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या घरी पोळ्या लाटत होते. "मंजिरीताई, आई गेली. आज सकाळी, झोपेतच," एवढं मराठीत बोलून पुढचं सगळं तो इंग्लिशमध्ये बोलला. जन्म अमेरिकेतला, पण ते एक वाक्य त्याला मराठीतच सांगावंसं वाटलं असावं. मी गॅस बंद केला. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. सुनंदाकाकूंबद्दल लिहायला बसले की रडू येईल असं वाटतं, पण आठवते ती आमच्या पहिल्या सेमिस्टरची धावपळ, आणि पेन आपोआप भरभर चालू लागतं.

२००३च्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, तिथल्या विद्यापीठात पीएचडीसाठी आले. डोक्यात संशोधन होतं, वाट्याला आली पहिल्या वर्षाच्या मुलांना केमिस्ट्रीची लॅब शिकवण्याची ड्यूटी. त्या लॅबच्या प्रमुख सुनंदाकाकू. मूळच्या सांगलीच्या, पन्नाशी उलटलेल्या, पंजाबी ड्रेसवर पांढरा कोट आणि पायात स्पोर्ट्स शूज. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "यातली बहुतेक मुलं केमिस्ट होणार नाहीत. कुणी नर्स होईल, कुणी इंजिनिअर. पण हातानं नीट काम करणं, नीट लिहून ठेवणं आणि चुकलं तर तोंड उघडून सांगणं, हे सगळ्यांनाच लागणार आहे." त्यांच्या लॅबमध्ये पेन्सिल चालत नसे. वहीत पेननंच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची. खाली लिहिलेलं वाचता आलं पाहिजे.

त्या वर्षी काकूंनी एक नवीनच गोष्ट सुरू केली होती. पुस्तकातली प्रॅक्टिकल्स बाजूला ठेवून मुलांच्या गटांनी आपापल्या हॉस्टेलच्या नळाचं पाणी आणायचं, ते किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, ते मोजायचं आणि शेवटी गावच्या पाणी खात्यातल्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं. विभागप्रमुखांना हे फारसं पटलेलं नव्हतं. त्यांनी एका सेमिस्टरची मुदत दिली होती, जमलं नाही तर पुन्हा जुनी प्रॅक्टिकल्स. तो सगळा परिसर चुनखडीचा, त्यामुळे पाणी चांगलंच जड. फ्लास्कमधल्या पाण्यात वरच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं; डाळिंबी रंग एका थेंबाला निळा होतो, तो थेंब पकडायचा असतो. आधी सगळ्यांचे थेंब जास्त पडले. काकू एकेकाच्या खांद्यामागे उभ्या राहून म्हणायच्या, "हळू... आता अर्धाच थेंब." आणि पहिला स्वच्छ निळा रंग आला तेव्हा अख्ख्या लॅबनं टाळ्या वाजवल्या. नळाच्या पाण्यासाठी टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या.

मग केलीचं पाणी आलं. केली खेड्यातून आलेली, अबोल मुलगी. सगळ्यांचं पाणी जड, हिच्या पाण्यात जडपणा जवळजवळ नाहीच. तीनदा मोजलं, तीनदा तेच. "माझे हातच वाईट आहेत. मी हा कोर्स सोडते," ती म्हणाली. मी मोठ्या जाणतेपणानं सांगितलं, "हे रीडिंग सोडून दे, शेजारच्या गटाचे आकडे घे." काकूंनी ते ऐकलं आणि मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं.

"मंजिरी, तिचं चुकलंय हे तुला कसं कळलं?"

"काकू, बाकी सगळ्यांचं सारखं आलंय ना."

"म्हणजे तू पाणी तपासलं नाहीस. केलीला तपासलंस."

काकू आत गेल्या आणि केलीला त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बिल्डिंगच्या पाण्याबद्दल सगळ्यात जास्त कुणाला माहीत असेल?" केलीला मेंटेनन्सच्या अनोळखी माणसाला फोन करायची भीती वाटत होती. काकूंनी तिच्याकडून दोनदा तालीम करून घेतली. आपण कोण, काय हवंय, कधी येऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कॅम्पसच्या बसनं तिच्या हॉस्टेलला गेलो. तिथल्या मेंटेनन्सच्या माणसानं आम्हाला तळघरात नेलं. कोपऱ्यात पुरुषभर उंचीची एक टाकी, शेजारी मिठाची पोती. पाण्याचा जडपणा काढून टाकणारं यंत्र, त्याच उन्हाळ्यात बसवलेलं. केली ते बघून वळली आणि सगळ्यांना सांगायला जिन्याकडे धावलीच. काकूंनी तिचं कोपर पकडलं. "आधी त्यांचे आभार मान."

बसमध्ये काकू मला म्हणाल्या, "आता तू काय करणार?" मला ते ठाऊक होतं. पुढच्या लॅबला मी सगळ्या मुलांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, केलीचं रीडिंग बरोबर होतं, माझा सल्ला चुकीचा होता. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून एक हात वर आला, "आम्हीपण एक रीडिंग गाळलंय." मग दुसरा हात, मग तिसरा... त्या दिवशी लॅब संपायची वेळ झाली तरी कुणी निघेना.

पाणी खात्याच्या लोकांसमोर केली सुरुवातीला वहीतूनच वाचत होती. तिथल्या इंजिनिअरनं एक अवघड प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मला हे माहीत नाही. शोधून शुक्रवारपर्यंत कळवते." शेवटच्या रांगेत काकूंनी माझ्या गुडघ्यावर अशी थाप मारली की मी दचकले. केलीनं गुरुवारीच कळवलं. विभागप्रमुखांनी मग मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि केलीनं कोर्स सोडला नाही.

गेल्या आठवड्यात काकूंच्या शोकसभेला स्टेट कॉलेजला गेले होते. सभेनंतर पाय आपोआप लॅबकडे वळले. आत वर्ग चालू होता. मी दारातच घुटमळत होते, तेवढ्यात अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी हात पुसत आली, तिनं स्वतःचं नाव सांगितलं, हात पुढे केला. "तुम्हाला काही मदत करू का?" मी म्हटलं, फक्त बघायला आलेय. तिनं खुंटीवरचा संरक्षक चष्मा काढून मला दिला.

"मग हा घाला. आमच्या पाण्याचं काहीतरी विचित्रच आलंय, बघायचंय?"

मी चष्मा घातला. फ्लास्कभोवती वाकलेली तीन डोकी जरा सरकली, आणि मला जागा झाली.