शनिवारचं कार्टून

“पॉज करा! हे उगीच ठेवलेलं नसतं.”

एक बोट टीव्हीकडे आणि दुसरा हात चष्म्याला, अशा थाटात काका हे म्हणायचे. त्या शनिवारी कार्टूनमधल्या लॉन्ड्रीच्या भिंतीवर उंच टोपीवाल्या माणसाचा फोटो होता. “कोण हा?” काकांनी विचारलं. मोबाईलवर शोधायचा मला कंटाळा. ठोकून दिलं, “जुना जादूगार असणार.” काकांनी वहीत लिहून घेतलं. तो अमेरिकेचा जुना राष्ट्राध्यक्ष निघाला.

काका बरकतपुऱ्यातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहायचे. काकू तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दूध आणायचं तरी काका बाहेरून कुलूप लावून जात आणि पंधरा मिनिटांत धापा टाकत परतत. मुलगा अमेरिकेत. नातीला मराठी येईना, आणि काकांच्या इंग्रजीला धक्का मारल्याशिवाय ते सुरू होईना. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर “जेवलीस?”, “येस”, एवढ्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसायचे.

मग एकदा नातीनं आपल्या आवडत्या कार्टूनचं नाव सांगितलं. एका लॉन्ड्रीवाल्या कुटुंबाची विनोदी मालिका. प्रत्येक भागात कुठल्या कुठल्या सिनेमांच्या, गाण्यांच्या, जाहिरातींच्या नकला लपवलेल्या. त्या ओळखायच्या, हीच गंमत. काका शनिवारी त्या हुडकून ठेवत आणि रविवारी नातीला ऐकवत. मदतीला मी, कारण बँकेतल्या माणसाला इंग्रजी येतं असा त्यांचा गैरसमज.

बावीस मिनिटांचा भाग आम्हाला अडीच तास पुरायचा. मध्येच आतून काकूंची हाक यायची, काका त्यांची कूस बदलून द्यायला जायचे. तोवर पडद्यावर लॉन्ड्रीवाला तोंड वासून थिजलेला आणि वेताच्या खुर्चीत मी. तुम्ही कुणी डोकावला असतात तर कार्टून कुठलं, असं विचारलं असतंत.

जादूगाराच्या रविवारनंतर मी तोंड चुकवत होतो. काकांनी जिन्यातच गाठलं.

“हसली हो! तीन मिनिटं हसली पोरगी! आता पुढच्या वेळी अजून एक गलत सांगा.”

तेव्हापासून वहीत दर भागाला सगळं खरं आणि एक मुद्दाम चुकवलेलं असायचं.

एकदा मी विचारलं, “काका, तुम्हाला आवडतं तरी काय यात?”

“मला? बिल्कुल नक्को वाटतं. किती ओरडतात ते लोक! टकुरं उठतं माझं.” मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, “पण तिकडं पोरीकडं जाता तर येत नाही. तिला हे आवडतं. सोडलं तर बोलायचं काय?”

एका रविवारी कॉल लागेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. लागला, तेवढ्यात काकूंची हाक आली आणि काका आत गेले. पडद्यावर नात, चौदा वर्षांची झालेली. हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाली, “अंकल, आबांना सांगू नका. हे कार्टून मी केव्हाच सोडलंय. बोअर होतं. फक्त त्यांच्यासाठी बघते. त्यांना ते इतकं आवडतं!”

सांगून टाकलं असतं तर दोघं सुटले असते. पण सुटून बोलणार काय होते? मी तोंड उघडलं, तोच काका वही नाचवत आले. “टुडे इलेव्हन सापडल्या!”

“रिअली, आबा?” नातीनं डोळे मोठे केले.

मी वेताची खुर्ची काकांसाठी पुढं ओढली.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. काही महिन्यांनी मुलगा येऊन काकांना घेऊन गेला. टॅक्सीत बसताना वही त्यांच्या मांडीवर होती. माझा हात धरून म्हणाले, “पोरगी म्हणते, आता एका सोफ्यावर बसून बघू, रोज. पहिल्या भागापासून!” आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, “मेलो की हो मी.”

आता शनिवारी संध्याकाळी खाली कुलूप असतं, आणि घरात कुठं बसावं ते मला कळत नाही. परवा शेवटी बायकोला सगळं सांगितलं. “दोघंही अडकले गं. दोघांनाही नको असलेलं कार्टून, रोज. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला तरी कुठं आवडत होतं? तीन वर्षं गेलातच की.”