साबुदाण्याची पेज अन् माहं बीपी

ये वं पोरी, इकडं जवळ बस, तुह्यासाठीच आली मी अकोल्याहून. काहून वं, बीपीची गोळी सोडली म्हणे तू? मोबाइलवर पाहून मॅग्नेशियमची पावडर खाऊन राहिली! शिकलीसवरली पोरगी तू. माहं ऐक आता.

माहं बीपी वाढलं तवा लेकानं मले अकोल्याहून अमरावतीले आणलं. सूनबाईनं मीठ कमी केलं, तिथवर ठीक. पण आपल्याकडं आजारी माणसाले हलकंच द्यायची रीत. ज्वारी जड, तीळ उष्ण, शेंगदाणे तेलकट, पालेभाजी वातूळ. सारं बंद! उरलं काय, तं साबुदाण्याची पेज अन् टोस्ट. पायात गोळे यायले लागले, बीपी काही उतरेना.

लेक म्हणे, "आई, अकोल्याचं घर आता भाड्यानं देऊन टाकू."

"किल्ली माह्या कमरेले आहे," मी म्हटलं. "हात लावून पाह्य."

मग डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. मॅग्नेशियम कमी निघालं. म्हणे, "आजी, तुमच्या बीपीच्या गोळीनं लघवी जास्त होते, त्यातून ते वाहून जातं. मॅग्नेशियम रक्ताच्या नळ्या सैल ठेवायला मदत करतं. कमी पडलं तर बीपी वाढायला तेही एक कारण होऊ शकतं. जेवणात काय असतं?"

"सांग वं सूनबाई, मी काय खाते ते."

"साबुदाणा," ती हळूच म्हणे.

"ज्वारी, तीळ, पालेभाजी?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"बंद आहे."

"कोणी बंद केली?"

लेक म्हणे, "मॅग्नेशियमच्या गोळ्या आणू का?"

"आधी किडनी पाहू. मनानं काही घ्यायचं नाही, अन् बीपीची गोळी सोडायची नाही. मी बदलून देते."

घरी येऊन मीच भाकर थापली. सूनबाईले म्हटलं, "तुह्या मनात खोट नव्हती, बाई. पण पोट माहं आहे, मलेबी विचारत जा." पुढं पाय मोकळे झाले, बीपीबी ताळ्यावर आलं. नव्या गोळीनं का भाकरीनं, ते डॉक्टरीणबाईले ठाऊक. मी दोन्ही सोडत नाही.

पिशवी भरली अन् अकोल्याची एसटी धरली. स्टँडवर लेक म्हणे, "फोन तरी उचलशील ना?"

"उचलीन. घराचं मात्र विचारू नको."

तं पोरी, उद्याच तुह्या डॉक्टरकडं जा, पावडर दाखव, गोळी सुरू कर. अन् मग ये अकोल्याले, माह्याच घरी. चार दिवस राहायलेच ये, पण लवकर ये.