नजर मरू न देणारी अंजना

वडूजच्या अंजनाबाई फडतरे सांगलीत आल्या त्या नवऱ्यामागं. लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन हळदीच्या एका गोदामावर पहारेकरी झाले आणि पुढं अंजनाबाईंनाही तिथंच काम मिळालं. कॅमेऱ्यांचे पडदे बघत बसायचं. प्रत्येक पडद्यावर पोत्यांच्या थप्प्या. दिवसभर तेच चित्र.

सुरुवातीला मांजर आडवं गेलं तरी त्यांना दिसायचं. पण एका दुपारी एक थप्पी हळूहळू कलत गेली, ती समोर असून त्यांना कळलीच नाही. ढासळल्याचा आवाज झाला तेव्हा त्या दचकल्या. कुणाला लागलं नाही, पण वाटभर हळद सांडली. मालक जिनेंद्रअण्णा चौगुले धावत आले.

"बाई, झोपला होता का?"

"न्हाई अण्णा, डोळं उघडं होतं."

कुणाला खरं वाटलं नाही. घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मला दिसंना झालंय. सोडते मी हे काम."

"आधी डोळं तपासू. मग सोड."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या हसल्या. "डोळे ठणठणीत आहेत. हातात बांगड्या घातल्या की थोडा वेळ जाणवतात, मग विसरायला होतं ना? तसंच हे. तेच चित्र पुन्हा पुन्हा आलं की मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो."

अंजनाबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. बाहेर आल्यावर लालासाहेब म्हणाले, "फौजेत आमची पण पहाऱ्याची जागा बदलायचे. एकाच डोंगराकडं लय येळ बघू देत नव्हते."

"मग मी पण डोंगर बदलते!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना गाठलं. पडद्यांवरची चित्रं अधनंमधनं अदलाबदल करू द्या, आणि मला जरा उठून फिरू द्या. अण्णा कुरकुरले, पण हो म्हणाले. "बाई चॅनेल बदलत्यात," हमाल हसायचे. बाईंनी बदलणं सोडलं नाही.

उन्हाळ्यात एकदा अशीच अदलाबदल करताना कोपऱ्यातल्या पडद्यावरची मागची शेड मधल्या पडद्यावर आली. पोत्यांच्या वरचा उजेड गढूळ वाटला. क्षणापूर्वी कोपऱ्यात हेच चित्र होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. अंजनाबाईंनी भोंग्याचा माईक ओढला.

"मागच्या शेडमधनं भाईर पडा! धूर हाय!"

हमाल पळत बाहेर आले. लालासाहेबांनी मेन स्विच पाडला. जळकी वायर पोत्यांवर लोंबत होती. वाळू टाकली आणि दोन-चार पोती काळवंडण्यावर निभावलं.

अण्णा घामाघूम होऊन आले. "बाई, त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

"जाऊ द्या अण्णा. आज दिसलं न्हवं मला!"

हमालांनी भडंग आणलं, पहिली मूठ बाईंच्या हातावर ठेवली. संध्याकाळी अंजनाबाईंनी वडूजला बहिणीला फोन लावला आणि सगळी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात सांगितलं, "रंगू, आगीच्या आधी माझी नजर पोचली गं!"