उंबऱ्यावर बसलेली माणसं

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आम्ही काही पोरंपोरी रविवारी सकाळी सोलापुरात, विणकरांच्या वस्तीतल्या एका शाळेच्या वर्गात जमायचो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. चांगला समाज कसा घडवायचा यावर आम्ही वाचायचो, वाद घालायचो. हुंड्यावर, दारूवर, जातीवर आमची मतं ठाम होती.

शाळेच्या भिंतीला लागूनच एका विणकराचं घर होतं. पुढच्या खोलीत माग, मागे संसार. तो बायकोला मारायचा. आम्ही समतेवर बोलत असताना पलीकडचा माग थांबायचा आणि थोड्या वेळाने तिचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज यायचा. आम्ही जरा मोठ्याने बोलायला लागायचो.

एका रविवारी आमच्यातल्या एका मुलीने वाचता वाचता पुस्तक मिटलं. ती कानडी घरातली, वडिलांचं किराणा दुकान. हे ऐकत बसायचं असेल तर मी पुढच्या रविवारपासून येणार नाही, म्हणाली. कोणीतरी म्हणालं, नवराबायकोचा मामला आहे. तोवर तिने चपला घातल्या होत्या. आम्ही तिच्यामागे निघालो.

घरात बाई मागाशेजारी पडली होती. तिची वेणी नवऱ्याने हाताला गुंडाळली होती. ओठ फाटला होता आणि पांढऱ्या सुतावर रक्त उडालं होतं. आमच्यातला एक मुलगा तालमीत जाणारा, अंगाने दणकट. तो पुढे झाला आणि सोड तिला म्हणाला. विणकराने मागावरचा धोटा उचलून फेकला. जड लाकूड, टोकाला लोखंडी अणी. तो मुलाच्या भुवईखाली बसला.

मग आमच्या पोरांना भान राहिलं नाही. त्यांनी विणकराला ओढत रस्त्यावर आणलं. तालमीतला मुलगा एका हाताने डोळा दाबून लाथा घालत होता. विणकराचं तोंड गटाराच्या दगडावर आपटलं, दात पडले. तरी लाथा थांबेनात. बायको धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. त्याला बसायची लाथ तिच्या पाठीत बसली. ती आधी तेलुगूत काहीतरी ओरडली, मग मोडक्या मराठीत म्हणाली, "तो एकटा मारत होता. आता तुमी सगळे मारताय."

तेव्हा पोरं थांबली.

मुलाचा डोळा वाचला, पण पापणी कायमची खाली आली. पुढच्या रविवारी कोणी पुस्तक आणलं नाही. बरेच जण अजून म्हणत होते की त्याला तसंच पाहिजे होतं. डोळ्याला पट्टी बांधलेला तो मुलगा म्हणाला, "त्याला हाणताना मला लई बरं वाटत हुतं. तेचंच भ्या वाटतंय आता."

काय करायचं ते त्या बाईलाच विचारू, असं दुकानदाराच्या मुलीने सुचवलं. हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. बाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. हात न थांबवता तिने सांगितलं की मारायला येऊ नका. येऊन दारात बसा, त्याची दारू उतरेपर्यंत उठू नका, आणि गल्लीतल्या बायकांना आणा. तो पोलिसाला भीत नाही, बायकांना लाजतो.

आम्ही घरोघर फिरलो. बायका हो म्हणेनात. उद्या आमच्याही दारात याल, असं एकीने तोंडावर सांगितलं. आम्ही हो म्हणालो.

महिन्याभराने पुन्हा आवाज आला. आम्ही जाऊन उंबऱ्यावर बसलो. विणकराने लोखंडी गज उचलला आणि दुकानदाराच्या मुलीच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचं मी कानांनी ऐकलं. ती ओरडली, पण हलली नाही. तालमीतल्या मुलाने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते. समोरच्या घरातून एक म्हातारी आली आणि त्या मुलीला पोटाशी धरून खाली बसली. मग दुसरी आली. मग दारोदारच्या. विणकराने सगळ्यांकडे पाहिलं, गज टाकला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

त्यानंतरही त्याने एकदोनदा हात उचलला. दार भरलं की थांबायचा. पुढे मारणं सुटलं, दारू सुटली नाही.

सगळीकडे असं जमलं नाही. मागच्या गल्लीत एका नव्या सुनेला सासरच्यांनी जाळलं. धूर दिसला तेव्हा बायका धावल्या, आणि कुऱ्हाडीने दार फोडलं ते विणकराच्या बायकोने. सून वाचली नाही. खटला उभा राहिला तेव्हा सासरचे लोक स्टोव्हचा भडका उडाला म्हणाले. गल्लीतल्या बायका एकामागून एक साक्षीच्या पिंजऱ्यात गेल्या आणि दाराला बाहेरून कुलूप होतं, असं सांगून आल्या.