मुका दिवा

"तुमी सांगता का मी जाऊ सांगाले?"

"तू कुठीसा जात नाई."

"मंग उद्या सभेत काय तोंडात गुयनी धरून बसता?"

"नीलम, हयू बोल. बाजूच्या घरात आयकू जाते."

"जाऊ द्या ना! साऱ्या गावानं आयकलं पाहिजे. ज्यानं दिवा लाव म्हटलं थो खाटेवर बसून दूधभाकर खाते, अन् ज्यानं आयकलं थो खुनी?"

नागसेननं चहाची बशी खाली ठेवली. चहावर साय धरली होती. बायको खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती.

बार्शीटाकळीहून आत वळलं की लागणाऱ्या एका गावाच्या रुग्णवाहिकेचा तो ड्रायव्हर. गाडी गावाच्या रुग्णसेवा समितीची, वर्गणीतून घेतलेली, मूळची कुणाची तरी जुनी मॅटाडोर. पण तिच्यावर जे काही दिसायचं आणि ऐकू यायचं, ते सगळं नागसेनचं. पुढचा भोंगा त्यानं अकोल्याच्या भंगारातून उचलून आणला होता. एका मोडीत निघालेल्या आगीच्या बंबाचा, मोटरवर फिरणारा, लोखंडी गोगलगायीसारखा. बटण दाबलं की आधी कण्हायचा, मग चढत चढत जायचा, आणि बटण सोडलं तरी मोटर थांबेपर्यंत हुंदके देत उतरत राहायचा. टपावरचा दिवा लाल काचेच्या घुमटाचा. आत बल्ब जागच्या जागी आणि त्याच्याभोवती गरगरणारा आरसा. नव्या गाड्यांचे भोंगे रातकिड्यासारखे किरकिरतात, असं त्याचं ठाम मत.

समोरच्या पत्र्यावर त्यानं 'रुग्णवाहिका' हा शब्द उलट्या अक्षरांत रंगवून घेतला होता, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलट दिसावा म्हणून. ते पाहून खुशालराव कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "काहून रे नागसेन, पेंटरले पाजून आनला का?" पारावरची सगळी माणसं हसली होती. खुशालरावांची तऱ्हाच तशी. अर्ध्या गावाला त्यांनी नावं ठेवलेली, आणि ज्याला ठेवली तोही हसायचा.

आणि एक रीत होती. ती कुणी ठरवली नव्हती, नागसेनच्या हातून पडली. दवाखान्यातून पहिल्यांदा जेव्हा मढं घेऊन यायची वेळ आली, तेव्हा त्यानं भोंगा बंद केला, कारण आता घाई उरली नव्हती. दिवा मात्र चालू ठेवला. "मानूस शेवटचा गावात येऊन राहिला, त्याच्यासाठी येवढं तं करावं," असं तो नीलमला म्हणाला होता. तेव्हापासून त्या रस्त्यावरच्या साऱ्या गावांना कळून चुकलं. भोंगा वाजत गेला की आजारी माणूस चालला. बरं झालेलं माणूस परत यायचं तेव्हा भोंगाही नाही आणि दिवाही नाही, भाजीची गाडी यावी तशी गाडी यायची. पण दिवा फिरतोय आणि आवाज नाही, म्हणजे संपलं. बाया त्याला मुका दिवा म्हणत. तो लांबून दिसला की चुली विझवत, पोरांना आत ओढत, आणि गाडी कुणाच्या दारी थांबते ते पाहत उभ्या राहत.

ती रीत नागसेनपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

कापूस वेचणीचे दिवस होते. खुशालरावांच्या मेंदूत ताप चढला म्हणून त्यानंच त्यांना भोंगा कोकलत अकोल्याला नेलं होतं. माणूस वाचला. अजून दोन दिवस लागतील असं घरी कळवलेलं, पण डॉक्टरांनी त्या दुपारीच सोडलं. मुलगा नितेश औषधांसाठी मागं थांबला आणि म्हातारा पुढच्या सीटवर नागसेनशेजारी येऊन बसला. अंगात त्राण नव्हतं, जीभ मात्र पहिल्यासारखी.

"भोंगा वाजव ना बे."

"भाऊ, भोंग्याची मोटर सकायीच जयली. वास येऊन राहिला पाहा अजून."

"मंग दिवा फिरव. मंत्र्यावानी घरी जातो. बुढीले समजू दे कोन आलं थे."

"दिवा नाई लावाचा, भाऊ. लोकं भलतंच समजतीन."

"अबे, मी इथं पुढं जित्ता बसलो आहो! दिसीन ना त्यायले!"

नागसेनला हसू आलं. त्यानं बटण दाबलं. गावाआधीच्या नाल्यापाशी पोचल्यावर बंद करावं, असं त्याच्या मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण नेमका तिथं म्हातारा खिडकीतून हात हलवत "बंधू आणि भगिनींनो" म्हणून भाषण ठोकायला लागला, आणि नागसेनचा हात हसता हसता स्टिअरिंगवरच राहिला.

दिवस मावळला होता. हेडलाइटच्या मागं बसलेलं माणूस समोरच्याला दिसत नाही. टपावरचा लाल तेवढा दिसतो.

"मुका दिवा आला व माय," कोपऱ्यावरची केशरबाई म्हणाली.

गावातलं एकच माणूस दवाखान्यात होतं. खुशालरावांची बायको रुख्मिणीबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं रडं काढलं नाही. सूप बाजूला ठेवून ती धुण्याच्या दगडापाशी गेली आणि दोन्ही मनगटं त्यावर आपटली. गाडी दाराशी थांबली, खुशालराव आपल्या पायांनी, हसत उतरले. दगडावर हिरव्या काचा पडल्या होत्या आणि दगडाशी ती, धक्क्यानं कोसळलेली.

तिला त्याच गाडीत घातलं. श्वास होता. भोंगा जळालेला, टपावर नुसता दिवा फिरत होता. रस्ताभर नागसेन हॉर्न दाबत राहिला, खिडकीतून मान काढून ओरडत राहिला. पण कापसाच्या गाड्या हलेनात. रस्त्यावरची माणसं टपाकडं पाहून हात जोडत आणि सावकाश कडेला होत. मेलेल्याला कसली घाई? अकोल्याचे दिवे दिसायच्या आत रुख्मिणीबाई गेली. परत येताना नागसेननं दिवासुद्धा लावला नाही.

खुशालराव त्या रात्री जे कोसळले ते पुन्हा तापानंच. उठले तेव्हा बरेच दिवस पुसून गेले होते. नितेशनं गावभर केलं, नागसेन पिऊन होता. कुणी म्हणालं, डुलकी लागली असंल. परवा एका बाईला कळा लागल्या तर घरच्यांनी तिला ऑटोत घालून नेलं, वाटेत अडली, पोर हाती लागलं नाही. पण नागसेनच्या दारात कुणी आलं नाही. उद्या समितीची सभा होती. गाडीची चावी त्याच्याकडं ठेवायची की काढून घ्यायची, एवढाच विषय.

"नितेश काय म्हनते मालूम आहे?" नीलम अजून थांबली नव्हती. "आपल्या वस्तीकडं बोट दाखवून म्हनते, यायच्या हाती गाडी देल्लीच कोनं. तुमच्या एकट्यावर नाई गेलं थे. उद्या चावी गेली तं आपल्यातल्या कोनाच्या हाती पुन्ना कायी देनार नाई हे गाव."

"बुढ्याले आठवत नाई व कायी."

"मंग आठवून द्या! एक शब्द तं बोलाचा आहे. म्हना, भाऊ, तुमी सांगतलं म्हनून लावला. खोटं आहे का?"

नागसेननं चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग उठला, खुंटीवरचा सदरा घातला.

"खोटं नाई," तो म्हणाला. "सांगतो. आत्ताच जाऊन सांगतो."

खुशालराव ओसरीत खाटेवर होते. एवढा आडमाप माणूस, गोधडीत मावून गेला होता. सून प्राजक्तानं पाण्याचा गडवा आणून जमिनीवर ठेवला आणि आत गेली.

"ये. खाली काहून बसतं? खुर्ची आहे ना."

"बरा आहो इथीच."

"नितेश म्हनते तू पेला होता."

"मी पेत नाई, भाऊ."

"मले मालूम नाई का? म्या त्याले म्हटलं, अबे, थो चहा दुसऱ्यांदा घेत नाई, दारू काय पेईन."

म्हातारा हसायला गेला, खोकला. नागसेननं गडवा पुढं केला. पाणी हनुवटीवरून ओघळलं, त्यानं ते आपल्या रुमालानं पुसलं. मग घसा खाकरला. वाटभर घोकत आणलेलं वाक्य जिभेवर होतं.

"भाऊ, मी एक गोष्ट सांगाले आलो."

"आंदी माही आयक." खुशालरावांनी त्याचं मनगट धरलं. "मले दवाखान्यातली खाट आठवते. अन् मंग एकदम थो दगड आठवते. मधातलं सारं गेलं. पन मी मले वयखतो ना रे. साऱ्या जिंदगीत मी कधी सिधा घरी आलो? कधी दारामांगं लपलो, कधी बैलबंडीत मेल्याचं सोंग घेऊन पडलो. थे भ्याची, शिव्या द्याची, मंग पदर तोंडाले लावून हासाची. तिचं हासनं पाहासाठी मी मरत होतो."

आत भांडं घासायचा आवाज थांबला.

"नितेश म्हनते, नागसेनची चूक. सारे म्हनते नागसेनची चूक. पन तू रीत पाडली, तू कसा चुकशीन? हे मले समजून नाई राहिलं. मंग रोज पाहाटे एकच गोष्ट मनात येते." त्यांची बोटं आवळली. "थो दिवा म्या लावाले सांगतला का?"

नागसेन त्यांच्याकडं पाहत राहिला. म्हाताऱ्याचे डोळे ओले नव्हते. ते उघडे होते, भूल द्यायच्या आधी माणूस डॉक्टरकडं पाहतो तसे. ओठ हलत होते. 'नाई म्हन' असं ते म्हणत होते, की 'हाव म्हन', हे त्याला कळेना.

"खरं सांग. तुले तुह्या मायची आन आहे."

नागसेननं आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. म्हाताऱ्याचा हात उचलून गोधडीवर ठेवला, गोधडी छातीपर्यंत ओढली. उठला.

"नागसेन?"

ओसरीच्या पायरीशी त्यानं चपला पायात घातल्या. एक उलटी झाली होती, ती वाकून सरळ केली.

"अबे, बोल ना! नागसेन!"

त्यानं फाटकाची कडी काढली, बाहेर आला, कडी परत लावली, आणि चालायला लागला.