पाणी लागल्यावरचं पान

दुष्काळात भूमच्या बाजारात एक माणूस स्वतः काढलेलं, पदरमोड करून छापलेलं चित्रांचं पुस्तक विकायला बसायचा. गोष्ट त्याच्या गावात चाललेल्या विहिरीच्या खोदकामाची. शेवटचं पान मात्र कोरं. लोक चाळायचे आणि "अर्धवट हाय की," म्हणत परत ठेवायचे. तो बोटांची शाई धोतराला पुसत म्हणायचा, "पाणी लागू द्या, मग काढतो. आत्ताच काढलं तर खोटं व्हईल."

मी एक घेतलं.

पुढं एका बाजारी त्यानंच मला हाक मारली आणि एक सुटं पान हातात ठेवलं. "चिकटवून घ्या."

चित्रात माणसं विहिरीत उभी होती, पाणी जेमतेम घोट्याएवढं.

"जरा जास्त दाखवायचं की," मी म्हणालो.

"लागलंय तेवढंच काढलंय," तो म्हणाला. "गुडघ्याला आलं की दुसरं पुस्तक."