भाऊजींचा पेनड्राइव्ह

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" सुकेशनीचा आवाज पार अंगणात गेला.

"अवं, हळू बोल," बेबीबाईंनी दार लोटलं. "जावई हाय तो."

"जावई हाय म्हनून माया लॅपटॉपचा सत्यानाश करन?"

सुकेशनीच्या थोरल्या बहिणीचा, निताचा, नवरा राजपाल पलंगावर मांडी घालून चहा पीत होता. धाकट्या भावासाठी, अमरदीपसाठी, सुकेशनीला मागायला तो कालच केनवडला आला होता. "सत्यानाश कायचा, साळीबाई? ड्रायव्हर जुने झाले होते, नवे टाकून देल्ले. मायाच लॅपटॉपचे, पेनड्राइव्हवर होते. दोनी लॅपटॉप एकाच कंपनीचे."

"तुमचा अन् बाबाचा पायजमाबी एकाच टेलरनं शिवला. घाला बरं बाबाचा!"

किडकिडीत बाबांना, भिवाजींना, हसू फुटलं. बायकोनं डोळे वटारले तसे ते खोकले.

या घरात जावयाला नाही म्हणायची रीतच नव्हती. सुकेशनी नळावर गेलेली असताना बेबीबाईंनीच लॅपटॉप कपाटातून काढला, पदरानं पुसला आणि पानाचा डबा पुढे करावा तसा जावयापुढे केला. आता लॅपटॉपला आवाजच नव्हता; आवाज चालवणारा ड्रायव्हर-प्रोग्रॅम दुसऱ्याच मॉडेलचा पडला होता. आणि सुकेशनीचं सगळं काम आवाजाचं. पुण्याची एक संस्था गावोगावच्या बायकांचं बोलणं टेप करून पाठवायची, सुकेशनी ते ऐकून टाइप करायची. आजचं काम संध्याकाळपर्यंत गेलं असतं, तर ती तिथे कायम होणार होती.

"आमच्या घरी आल्यावर तुले हे टायपिंग लागतेच कायले?" राजपाल म्हणाला.

सुकेशनीनं दात आवळून जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण शोधलं, तर ते फिकं पडलेलं. दाबलं जाईना. जागा खातात म्हणून भाऊजींनी जुन्या फायलीही उडवल्या होत्या. तिनं लॅपटॉप पालथा करून मॉडेलचा नंबर वाचला, कंपनीच्या साइटवर नेमका त्याचा ड्रायव्हर शोधला आणि मोबाइलच्या नेटवर उतरवायला लावला. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

"सुके, जावयाले वाढाले ये!"

"आई, मी काम करून राह्यली."

"लोक काय म्हनतीन? ऊठ."

उठली. मटणाचा रस्सा वाढला, भाकरी वाढली, पुन्हा रस्सा वाढला. परत येऊन पाहते तर नेट मध्येच तुटलेलं, पट्टी पुन्हा पहिल्यापासून. जेवून राजपाल पंख्याखाली घोरू लागला. त्या घोरण्यात ती पट्टीवर डोळे लावून बसली.

दिवेलागणीला ड्रायव्हर उतरला; तो टाकल्यावर लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. टेपमधली एक बाई सोयाबीनच्या बियाण्यावर तावातावानं बोलू लागली. तेवढ्यात मोबाइल वाजला. संस्थेचा मेसेज होता. सुकेशनीनं तो मोठ्यानं वाचला: "तुमचं काम वेळेत आलं नाही. ते दुसऱ्यांना दिलं आहे. पुढे गरज पडली तर कळवू."

"पन चालू झाला ना?" राजपाल जांभई देत उठून बसला. "मंग! उगाच बोंबलून राह्यली होती दिवसभर."

"जाऊ द्या, जावईबापू," बेबीबाई म्हणाल्या. "अमरदीपले कवा आनता ते सांगा."

सुकेशनीनं लॅपटॉप मिटला.

"त्याले आनू नका. मी अमरदीपसंग लगन करत नाही."